छाती लहान करण्याच्या ऑपरेशननंतर दुखणं आटोक्यात कसं ठेवायचं

आमच्या खानापूर भागात रोप लावणीच्या दिवसांत बाईनं पाठ दुखते म्हटलं तर घरात कुणी मान वर करून बघत नाही. सगळ्यांचीच दुखत असते. पण अंगाच्या मानानं छाती फार जड असेल तर दुखणं लावणी संपली तरी जात नाही. मान भरून येते, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खोल वळ पडतात, छातीखालच्या घडीत घामानं कातडी सोलते. मी बावीस वर्षं हे सोसलं आणि मग स्तन लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. तेव्हापासून बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या ओळखीतल्या बायका दबक्या आवाजात एकच विचारतात, "लई दुखतं काय गं?"

दुखतं, पण भीती वाटते तेवढं नाही. या ऑपरेशनमध्ये छातीचा स्नायू सहसा कापत नाहीत. काढतात ती स्नायूच्या वरची चरबी, दुधाच्या ग्रंथींचा काही भाग आणि जास्तीची कातडी. बहुतेकदा टाके स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि खालच्या घडीत आडवे असतात. दुखतं ते टाक्यांचं, सुजेचं आणि ओढ बसलेल्या कातडीचं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, मग दुखणं उतरत जातं. ते किती चढू द्यायचं, यातलं बरंचसं ऑपरेशनच्या आधी ठरतं. मी डॉक्टर नाही. औषधं आणि दिवस तुमच्या सर्जननं सांगितलेलेच धरायचे. त्यांना काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं, ते इथं सांगते.

आधी घरात सांगा

हे मी मुद्दाम पहिलं घेतलं. आपल्याकडं बाई हे ऑपरेशन लपवते. "गाठ काढली" म्हणून सांगते, नाहीतर माहेरी चालले म्हणते. मग पाचव्या दिवशी दारात पाहुणे आले की चहाचं आधण ठेवायला हीच उठते, पाण्याची घागर हीच उचलते, कारण घरात कुणाला ठाऊकच नसतं की हिला उचलायची मनाई आहे. टाके ओढले जातात, सूज वाढते, आणि ते दुखणंही लपवावं लागतं.

गल्लीभर सांगायची गरज नाही. तीन माणसांना मात्र खरं सांगा: रात्री दवाखान्यात सोबत राहील ती, पंधरा दिवस चूल सांभाळील ती, आणि गाडीनं ने-आण करील तो. माझ्या बाबतीत धाकटी बहीण, थोरली जाऊ आणि आमचे हे. जावेला सांगताना माझा आवाज कापत होता. ती म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं काय झालं." तिच्यामुळं मी महिनाभर परातीला हात लावला नाही.

तारीखही या तिघांना विचारूनच घ्या. सुगीत घेऊ नका. गावच्या लक्ष्मीची यात्रा तोंडावर असेल तर मुळीच नको, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि बाईला पडून राहता येत नाही. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात एक वेगळीच अडचण येते. ऑपरेशननंतरची घट्ट ब्रा दिवस-रात्र घालावी लागते आणि धुतलेली दोन-दोन दिवस वाळत नाही. ओली ब्रा घडीत घासली की टाके चुरचुरतात. पावसाळ्यातच करायचं झालं तर दोनऐवजी तीन ब्रा घ्या.

महिनाभर आधी: मशेरी सोडा

सर्जन विचारतात, "सिगारेट ओढता का?" बाई खरंखरं "नाही" म्हणते. मशेरीचं कुणी विचारत नाही आणि तिलाही ते तंबाखूत मोडतं असं वाटत नाही. निपाणीचा पट्टा तंबाखूचा. तिथं विड्या वळणाऱ्या बायकांच्या हाताला दिवसभर तंबाखू लागलेली असते आणि सकाळी भाजलेल्या तंबाखूची मशेरी दाताला लावल्याशिवाय कित्येकींचा दिवस सुरू होत नाही. मशेरी, तपकीर, गुटखा, पानातली तंबाखू, सगळ्यांत निकोटिन असतं.

निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनमध्ये स्तनाग्र आणि कातडी हलवून नव्या जागी बसवलेली असते, तिला रक्त आधीच कमी मिळत असतं. त्यात वाहिन्या आकसल्या तर जखम भरत नाही, टाके उसवतात, कडेची कातडी काळी पडते. जी जखम पंधरा दिवसांत मिटायची ती दोन महिने ड्रेसिंग करत बसावं लागतं आणि तेवढे दिवस दुखत राहते. म्हणून ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी आणि नंतरही निदान चार आठवडे हे सगळं पूर्ण बंद. विड्यांचं काम करत असाल तर तेही सर्जनला सांगा. मशेरी सुटत नसेल तर तसं मोकळेपणानं सांगा आणि तारीख पुढं ढकला. यात लाजण्यासारखं काही नाही. लपवणं मात्र फार महागात पडतं.

याच महिन्यात हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. रक्त कमी असेल तर थकवा रेंगाळतो, साखर वाढलेली असेल तर जखम चिघळायचा धोका वाढतो. चाळिशी ओलांडली असेल तर बहुधा मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफीही सांगतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, गुडघ्यासाठी रोज घेतलेली वेदनाशामक गोळी, वैद्याचं चूर्ण, सगळं एका कागदावर लिहून न्या. हृदयासाठी चालू असलेली गोळी मनानं बंद करू नका. कुठली कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील.

भूलतज्ज्ञाशी दहा मिनिटं

मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती ती गोष्ट ही. आपण सगळं सर्जनशी बोलतो. पहिल्या दिवशी किती दुखेल, हे मात्र बरंचसं भूलतज्ज्ञाच्या हातात असतं. भुलेच्या तपासणीला बोलावतात तेव्हा नुसत्या सह्या करून परत येऊ नका. चार गोष्टी विचारा.

पूर्ण भुलेच्या जोडीला छातीचा भागही बधिर करणार का, हे पहिलं. पाठीच्या कण्याजवळ किंवा छातीच्या स्नायूंच्या थरात सोनोग्राफीत बघून सुई देता येते, तिला ब्लॉक म्हणतात. किंवा सर्जन टाक्यांच्या जागी बधिर करणारं औषध टोचतात. यातलं काहीतरी झालं तर शुद्धीवर आल्यावर पहिले काही तास हलके जातात. ब्लॉक सगळ्यांना चालतो असं नाही, पण विचारल्यावर ते नीट समजावून सांगतात.

दुसरं, ऑपरेशन चालू असतानाच साधी वेदनाशामक औषधं देणार का. दुखणं सुरू व्हायच्या आधी औषध पोटात किंवा रक्तात असलं की नंतर जड गोळ्या कमी लागतात.

तिसरं उलटीचं. चोर्ला घाटात किंवा आंबोलीच्या वळणांवर तुम्हाला गाडी लागते का? लागत असेल तर हे नक्की सांगा. गाडी लागणाऱ्या बायकांना भुलेनंतर उलटीचा त्रास जास्त होतो, आणि ताज्या टाक्यांवर उलटीचा एक उमाळा किती दुखतो ते मी भोगलंय. आधी सांगितलं तर उलटी होऊ नये म्हणून औषध देता येतं.

चौथं, दमा, पोटातला अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, कुठल्या गोळीची अ‍ॅलर्जी, आधीच्या ऑपरेशनच्या वेळी काय झालं होतं, मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत का. यावर कुठली वेदनाशामक चालेल आणि कुठली नाही ते ठरतं. फार घाबरला असाल तर तेही सांगा. घाबरलेल्या माणसाला जास्त दुखतं, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे.

पिशवीत काय न्यायचं

पुढून उघडणारे दोन गाऊन. डोक्यावरून घालायचं काही नको. पुढून हुकांचे सैल ब्लाऊज चालतात. सर्जननं सांगितलेल्या मापाची, तार नसलेली, पुढून बंद होणारी ब्रा. लहान मऊ उशी. लांब वायरचा चार्जर, म्हणजे हात ताणावा लागणार नाही. वही-पेन.

पहिली रात्र

माझी चूक इथं झाली. रात्री दोनला दुखायला लागलं. वॉर्डातल्या सिस्टर कन्नड बोलणाऱ्या होत्या, मला धड जमेना, आणि बाजूच्या खाटेवरची म्हातारी नुकती झोपली होती. मी पहाटेपर्यंत दात आवळून पडले. सकाळी दुखणं एवढं चढलं होतं की नेहमीच्या औषधानं उतरेना, सुई द्यावी लागली. सिस्टरनी मराठीतच विचारलं, "रात्री का नाही सांगितलं?"

दुखणं वाढायला लागलं की लगेच सांगा. शून्य ते दहा असा आकडा विचारतात. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही असं. चार-पाचला आलं की सांगा, आठची वाट बघू नका. खोल श्वास घेता येत नाही, खोकता येत नाही, उठून बसता येत नाही, हेही सांगा. आकड्यापेक्षा ते जास्त कळतं. आणि कन्नडचे चार शब्द सोबत ठेवा: दुखणं म्हणजे "नोवु", आग होणं म्हणजे "उरी", उलटीला "वांती". "भाळ नोवु ऐती री" एवढं म्हटलं तरी फार दुखतंय हे पोचतं. बेळगावात मराठी समजणारं कुणीतरी असतंच, पण हुबळी-धारवाडला हे शब्द जास्त उपयोगी पडतील.

खोकला किंवा शिंक येणार वाटलं की उशी दोन्ही हातांनी छातीशी धरा. उठताना कोपरावर जोर देऊ नका. आधी गुडघे वाकवा, कुणाला तरी पाठीमागून आधार द्यायला सांगा, पाय खाली सोडा. रक्त-पाणी काढायची नळी ठेवली असेल तर ती गाऊनला अडकवून घ्या. लोंबती नळी ओढली जाते आणि टाक्यांपेक्षा तीच जास्त दुखते. लवकरात लवकर दोन-चार पावलं चाला, पायात गुठळी होऊ नये म्हणून.

घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी गोळ्या शहरातूनच घेऊन निघा. गावातलं मेडिकल रात्री आठला बंद होतं आणि दुखणं रात्रीच उठतं. निघायच्या तासभर आधी ठरलेली गोळी घ्या. कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे पडत नाहीत म्हणून बसनं जायचा विचार करू नका. त्या गर्दीत एक कोपर लागलं तरी डोळ्यांपुढं अंधारी येईल. मोटारसायकलवर मागं बसणं नाहीच. चारचाकी बघा, पट्टा लावाच, पण पट्टा आणि छाती यांच्यामध्ये ती मऊ उशी ठेवा. ड्रायव्हरला स्पीडब्रेकरचं आधीच सांगून ठेवा. निपाणीच्या बाईला कोल्हापूर जवळ पडतं, खानापूरच्या बाईला बेळगाव. पण पुण्याहून किंवा गोव्याहून यायचं असेल तर एक-दोन दिवस तिथंच नातेवाइकांकडं राहा, आणि वाटेत तासा-तासाला उतरून थोडं चाला.

गोळ्या घड्याळावर

पहिले तीन-चार दिवस गोळी दुखल्यावर घ्यायची नाही, वेळेवर घ्यायची. सहसा पॅरासिटामॉल हा पाया असतो आणि त्याच्या जोडीला सूज उतरवणारी एखादी गोळी, आयब्युप्रोफेन किंवा तसली. दोघींची कामाची तऱ्हा वेगळी, म्हणून एकत्र दिल्या की थोड्या मात्रेत जास्त उतार पडतो. ट्रॅमाडॉलसारखी जड गोळी राखीव असते, बाकीच्या घेऊनही सोसत नसेल तेव्हाच. वहीत वेळा लिहा, मोबाइलला गजर लावा, घेतली की खूण करा. तिसऱ्या दिवशी डोकं जड असतं, घेतली की नाही आठवत नाही.

आता एक धोका, आणि हा घरोघरी होतो. वेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच औषध असतं. डोलो ६५० म्हणजे नुसतं पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन. झिरोडॉल-पीमध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. अल्ट्रासेटमध्ये ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल. चिठ्ठीतलं पॅरासिटामॉल चालू असताना मायेनं कुणी "ही घे, बरं वाटेल" म्हणून कपाटातली गोळी दिली की मात्रा दुप्पट होते. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅम पॅरासिटामॉल ही वरची हद्द. वजन ५० किलोच्या आत असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. त्याच्या वर यकृत निकामी होऊ शकतं. घरातल्या जुन्या वेदनाशामक गोळ्या त्या पंधरवड्यात बाजूला काढून ठेवा.

सूज उतरवणारी गोळी रिकाम्या पोटी नको. जड गोळीनं झोप येते, चक्कर येते आणि पोट साफ होत नाही. कुंथलं की छातीवर ताण येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पाणी भरपूर, ताक, पालेभाजी, पपई, आणि रात्री डॉक्टरांना विचारून इसबगोल. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आधी जड गोळी सोडायची, मग सुजेची, शेवटी पॅरासिटामॉल.

शेक नको, तेल नको

बाळंतपणात शेक-शेगडी घेतलेल्या बायका ऑपरेशनलाही तोच उपाय सुचवतात. माझ्या सासूबाईंनी निखाऱ्याची शेगडी खाटेपाशी आणून ठेवली होती. त्यांचा जीव तुटत होता, मला ते दिसत होतं. पण टाक्यांच्या आसपासची कातडी कित्येक आठवडे बधिर असते. चटका बसला तरी कळत नाही आणि फोड आल्यावरच दिसतं. उष्णतेनं सूजही वाढते. गरम पाण्याची पिशवी, वेखंड-हळदीचा लेप, तेल लावून चोळणं, जुन्या लुगड्याचा पट्टा आवळून बांधणं, यातलं काहीही नको. मी सासूबाईंना सांगितलं, "आत्याबाई, मला शेक चालत नाही, तुम्ही माझ्या पायाला तेल लावा." त्या रोज लावायच्या. दोघींनाही बरं वाटायचं.

गारव्यानं थोडा आराम पडतो, पण सर्जननं हो म्हटलं तरच. बर्फ जाड कापडात गुंडाळून, कडेला, दहा मिनिटं. स्तनाग्रावर नाही आणि थेट कातडीवर नाही. खरा आराम देते ती ती ब्रा. तिच्यामुळं वजन लोंबत नाही, चालताना हिसका बसत नाही. साधारण चार ते सहा आठवडे दिवस-रात्र. फार आवळत असेल किंवा वळ उठत असतील तर सैल करून घ्या, सोडून ठेवू नका.

झोप पाठीवरच, डोक्याकडची बाजू दोन-तीन उशांनी उंच. पाठ उंच राहिली की सूज कमी येते आणि उठायला सोपं जातं. दोन्ही कोपरांखाली एकेक उशी घ्या, खांदे मोकळे होतात. पालथं झोपणं दीड महिना नाही.

हात किती हलवायचे

इथं दोन टोकाच्या चुका होतात. एक बाई तिसऱ्या दिवशी दोरीवर कपडे वाळत घालते. दुसरी भीतीनं हात अंगाशी आवळून महिनाभर कुबड काढून बसते, मग तिचे खांदे आखडतात आणि टाके बरे झाले तरी मान दुखत राहते. दुसऱ्या दिवसापासून बसल्या-बसल्या खांदे मागं फिरवा, कोपरं वाकवा. खांद्याच्या वर हात नेणं मात्र पहिले दोन आठवडे टाळा. दोन किलोपेक्षा जड काही उचलू नका. पाण्यानं भरलेली कळशी याच्या कितीतरी पट जड असते. दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर त्याला उचलायचं नाही. तुम्ही बसा, त्याला बाजूनं येऊन बिलगू दे, मधे उशी ठेवा.

चुलीचा प्रश्न जावेनं सोडवला. आपल्या सीमाभागात कडक भाकरी विकत मिळते, ती आठ-पंधरा दिवस टिकते. दोन चवड आणून ठेवल्या, आमटीत बुडवून सगळ्यांनी आनंदानं खाल्ल्या.

वाट न बघता दवाखाना

एकच स्तन अचानक फुगून ताठ झाला आणि दुखणं गोळीला दाद देईना, तर आत रक्त साठत असू शकतं. हे बहुधा पहिल्या दिवसा-दोन दिवसांत होतं. स्तनाग्र निळं-काळं पडायला लागलं, लाली पसरतेय, पू किंवा वास येतोय, ताप १००.४ च्या वर गेला, तरीही सर्जनला फोन करा. एका पोटरीत दुखून सूज आली किंवा दम लागून छातीत कळ आली तर फोनवर वेळ घालवू नका, १०८ बोलवा. उतरत आलेलं दुखणं पुन्हा चढायला लागलं, तर ते दाखवायचंच.

नंतरचे आठवडे

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मधूनच विजेसारखी चमक येते, मुंग्या येतात, खाज सुटते. तुटलेल्या बारीक नसा जाग्या होत असतात, काही महिन्यांत ते विरतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या पाळीत स्तन पुन्हा सुजून दुखतात, तेव्हा काहीतरी बिघडलं म्हणून घाबरू नका. व्रणाची मालिश जखम पूर्ण मिटल्यावर आणि सर्जननं दाखवल्याप्रमाणेच करायची. तीन महिने उलटूनही जळजळ किंवा कापडाचा स्पर्श सहन होत नसेल तर ते मनाचे खेळ नाहीत. नसांच्या दुखण्यावर वेगळी औषधं आहेत, ती मागून घ्या.

स्कूटी दोन-तीन आठवड्यांनी, जड गोळी बंद झाल्यावर. अंगणात उभी करून ब्रेक जोरात दाबून बघा. ओढ बसली तर अजून आठवडा थांबा. भाकरी दीड महिन्यानं. पहिल्या दिवशी पीठ दुसरीला मळू द्या, तुम्ही फक्त एक भाकरी थापा आणि रात्री खांदा-छाती कशी राहते ते बघा. काही वाटलं नाही तर दुसऱ्या दिवशी दोन.